पुट्टी मऊ हवी म्हणून थिनर ओतू नका

गेल्या अंकात इपॉक्सीच्या लांबीबद्दल, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून बनवायच्या, खड्डे-भेगा भरायच्या पुट्टीबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याची सगळी जागा त्यालाच दिलीय. बहुतेकांचं दुखणं एकच, मिश्रण फार घट्ट होतं, पुट्टी ओढायच्या पत्र्याखाली पसरत नाही, मग कोणीतरी येऊन सांगतं की थोडा थिनर, म्हणजे रंग पातळ करायचा द्रव, घाल. म्हणून सुरुवात त्याच पत्राने करतो.

प्रश्न: काका, मासेमारी बंदीच्या दिवसांत आमची छोटी लाकडी होडी वर काढलीय. तळाला दोन ठिकाणी फळ्यांचे सांधे उघडलेत आणि एका जागी बोटभर खोल खड्डा पडलाय. इपॉक्सी रेझिन, हार्डनर आणि त्यात टाल्क अन् एरोसिल या पावडरी घालून लांबी बनवली पण ती इतकी चिवट झाली की पत्रा ओढला की मागून फाटत येते, बारीक बारीक भोकं राहतात आणि सपाट तर होतच नाही. पेंटर म्हणतो एनसी थिनर घाल, लोण्यासारखी पसरेल. किती घालू? (एक वाचक, देवगड)

उत्तर: घालू नका, एक चमचाही नको. पेंटर खोटं सांगत नाहीये, थिनर घातला की लांबी खरंच लोण्यासारखी पसरते आणि त्या दिवशी काम सुंदर दिसतं, फसगत होते ती तिथेच.

रंगात थिनर चालतो कारण रंगाचा थर कागदाएवढा असतो, थिनर उडून जातो आणि मागे रंग राहतो. इपॉक्सी अशी हवेवर वाळत नाही, रेझिन आणि हार्डनर एकमेकांना धरून आतल्या आत घट्ट होतात. तुमचा खड्डा बोटभर खोल, त्यात भरलेली लांबी काही तासांत दगड झाली की आतला थिनर आतच कोंडून राहिला. मग तो सावकाश बाहेर पडत राहतो, आठवडे लागतात, कधी महिने, आणि जेवढा बाहेर पडेल तेवढी लांबी आत बसते, कडेने केसाएवढी चीर पडते, वरच्या रंगाला फोड येतात. जिथून थिनर निघाला तिथून पाणी आत जायला वाट झाली, आणि होडीच्या तळाला ते किती महागात पडतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

ताकदीचं पण बघा. वेस्ट सिस्टिम नावाची बोटींसाठी इपॉक्सी बनवणारी अमेरिकन कंपनी आहे, त्यांनी या गोष्टीच्या चाचण्या करून आकडे छापलेत. ५ टक्के लॅकर थिनर (आपला एनसी थिनर त्याच जातीचा) घातला तर कालवलेल्या इपॉक्सीचा घट्टपणा साधारण ६० टक्क्यांनी उतरतो, पण दाब सोसायची ताकद ३५ टक्क्यांनी घटते. ५ टक्के म्हणजे १०० ग्रॅमला ५ ग्रॅम, एक छोटा चमचा हो. पेंटर अंदाजाने ओततो तेव्हा ते किती होत असेल विचार करा. अ‍ॅसिटोनचं तर आणखी एक आहे, बऱ्याच हार्डनरमध्ये अमाईन नावाचं रसायन असतं आणि अ‍ॅसिटोन त्याच्याशीच रिअ‍ॅक्शन करायला जातो, म्हणजे जो हार्डनर रेझिनला मिळायचा तो मधल्या मध्ये अडवला जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. कोल्हापूरला २३ वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली, शिरोलीच्या फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात ते नमुने, आम्ही करायचो. एकदा पंपाच्या केसिंगचा पॅटर्न संध्याकाळी द्यायचा होता, आतल्या कोपऱ्यातली गोलाई भरायची राहिलेली, लांबी घट्ट झाली होती आणि मी बाटलीचं एक झाकण थिनर त्यात घातला. अशी गुळगुळीत बसली की पॉलिश पेपर पण फारसा लावावा लागला नाही. तीन आठवड्यांनी मोल्डरने बोलवून घेतलं, माझं बोट धरलं आणि त्या कोपऱ्यावरून फिरवलं. नखाला लागेल एवढा खळगा पडला होता, दिसायला काही नाही, पण पॅटर्न वर उचलताना वाळू त्या काठाला अडकायची आणि मोल्डचा कोपरा तुटायचा. दोन दिवस ते लोक वाळूला दोष देत होते. चूक माझी होती आणि ती मला आजही टोचते, म्हणून या बाबतीत मी इतकं ठासून बोलतो.

आता तुमची लांबी मऊ कशी करायची ते. आधी ती चिवट कशाने झाली बघा, ती एरोसिलने. एरोसिल फार हलकी पावडर, चमचाभर वाटते पण रेझिनला असं धरून ठेवते की उभ्या फळीवरून पण ओघळत नाही, तो तिचा गुण. पण प्रमाण जास्त झालं की पत्र्याला चिकटून ओढली जाते, फाटते, हवा धरून ठेवते आणि वाळल्यावर घासायला दगड. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, स्वस्त आहे पण जड. गुळगुळीत थर हवा असेल तर मायक्रोबलून आणा, काचेचे पोकळ बारीक गोळे असतात, पत्र्याखाली लांबी हलकी सरकते आणि वाळल्यावर पेपरने भराभर घासली जाते. त्यात एरोसिल फक्त चिमूटभर, ओघळू नये म्हणून. या दोन्ही पावडरी श्वासाबरोबर आत जातात तेव्हा मिसळताना पंखा बंद आणि तोंडाला मास्क.

पण सांधे आणि खड्डा एकाच लांबीने भरू नका. सांध्याला ताकद लागते, तिथे मायक्रोबलून नको, ते पोकळच असतात. सांध्यात एरोसिल आणि लाकडाचा बारीक चाळलेला भुसा घातलेली लांबी दाबून भरा, ती थोडी खडबडीत राहिली तरी चालेल. खड्डा पण तिच्यानेच दोन वेळा करून भरत आणा, वरून कागदाच्या पुठ्ठ्याएवढी जागा ठेवा. मग सगळ्यावरून मायक्रोबलूनची मऊ लांबी ओढा. सपाटपणा त्या शेवटच्या थरातून येतो, बोटभर खड्डा एकाच वेळी भरून वर गुळगुळीत पण करायचा हा हट्ट सोडला की निम्मं काम सोपं होतं.

घट्टपणा किती ठेवायचा ते आमच्या शॉपमध्ये चक्का आणि श्रीखंडावर सांगायचे. सांध्याला चक्का, म्हणजे चमचा उभा राहील असं. वरच्या थराला श्रीखंड, पसरवलं की पसरतं आणि सोडलं की तिथेच थांबतं.

बनवलेली लांबी जास्तच घट्ट झाली तर? वेगळ्या वाटीत थोडं रेझिन आणि थोडा हार्डनर, बरोबर मापात, पावडर न घालता मिसळा आणि ते थोडं थोडं करून लांबीत घाला. लांबी सैल करायची ती तिच्याच रेझिनने. पुढच्या वेळी उलटं करा, आधी रेझिन-हार्डनर दोन-तीन मिनिटं नीट मिसळून घ्यायचं, बुडाशी आणि कडेला लागलेलं खरवडून घ्यायचं, आणि मगच पावडर हळूहळू. कणीक भिजवताना पाणी बेताने घालतो तसं इथे पीठ बेताने घालायचं एवढंच.

अजून एक गोष्ट, जी पत्रात नाही पण मला खात्री आहे की तुमच्याकडे झाली असणार. कोरडं उघडं लाकूड लांबीतलं रेझिन पिऊन टाकतं. पत्रा पहिल्यांदा ओढला तेव्हा लांबी बरी होती आणि दुसऱ्या हाताला फाटायला लागली असं झालं ना? मग हेच. खड्ड्याला आणि सांध्याला आधी नुसतं रेझिन-हार्डनर ब्रशने लावा, पिऊ द्या, कोरडं दिसेल तिथे परत लावा, आणि ते बोटाला चिकट लागतंय तोवर त्यावर लांबी भरा. अर्थात लाकूड आतून वाळलेलं पाहिजे, समुद्रातून काढलेली होडी चार दिवसांत वाळत नाही आणि पावसाळ्यात तर नाहीच, छपराखाली वारा लागेल अशी ठेवा आणि मीठ आधी गोड्या पाण्याने धुवून काढा.

देवगडच्या उकाड्यात रेझिन गरम करायची गरज नाही, तुमची अडचण उलटी, कालवलेलं लवकर घट्ट होतं. जून महिन्यात मालवणला एका ओळखीच्याने आईस्क्रीमच्या डब्यात पाव किलो कालवलं आणि चहा प्यायला गेला, परत आला तर डबा वितळून खाली बसलेला आणि वर धूर. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते, खोल भांड्यात ती कोंडते, त्यामुळे अजून लवकर घट्ट होते आणि अजून तापते. थोडं थोडंच कालवा आणि कालवल्याबरोबर जुन्या स्टीलच्या ताटात किंवा टाईलच्या तुकड्यावर पातळ पसरून ठेवा, कामाला बराच जास्त वेळ मिळतो.

आणि सपाट करायला माझी आवडती युक्ती. दुधाची पिशवी कापून धुवून वाळवा. लांबी पसरल्यावर छपाई नसलेली आतली बाजू लांबीवर ठेवा आणि वरून प्लास्टिकच्या पट्टीने एका कडेकडून दुसरीकडे दाबत जा, हवा निघते, भोकं बुजतात, आणि पिशवी तशीच ठेवून द्या. पॉलिथीनला इपॉक्सी चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी सोलून काढाल तेव्हा खाली काचेसारखं अंग येतं. मोठ्या भागाला जाड पॉलिथीन शीट घ्या. सांध्यात भरायला पण तीच पिशवी, कोपरा कापून मेंदीच्या कोनासारखी वापरा, लांबी थेट तळापर्यंत जाते आणि हात पण स्वच्छ राहतात.

पिशवी न ठेवता उघडी वाळवली तर दमट हवेत वर तेलकट मेणचट पापुद्रा येतो. तो घासू नका, पेपर भरून जाईल आणि रंग धरणार नाही. आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, पुसा, वाळू द्या, मग पेपर. पेपर हातात धरून घासू नका, सपाट फळीला गुंडाळून तिरके हात मारा, नाहीतर बोटं मऊ जागी खोल जातात आणि लाटा उठतात.

प्रश्न: सर, आमच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टला फायबरचा साचा करतोय, ५५६ रेझिन आणि ९५१ हार्डनर ही इपॉक्सीची जोडी आहे. पुट्टी घट्ट होत होती आणि हार्डनर पाण्यासारखा पातळ आहे म्हणून आम्ही तोच जास्त घातला, साधारण दुप्पट. पसरली छान पण आज चौथा दिवस, अजून नख रुततंय. आणखी किती दिवस लागतील? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर: बाळांनो, ती आता वाळणार नाही. खरवडून काढावी लागेल.

ही चूक पॉलिस्टर रेझिनवर काम केलेल्या लोकांकडून आली असणार. पॉलिस्टरमध्ये जे थेंब घालतो ते रिअ‍ॅक्शन सुरू करून देतात, थोडे कमी-जास्त झाले तर वेळ कमी-जास्त होतो एवढंच. इपॉक्सीचं तसं नाही. इथे हार्डनर शर्टाच्या काजासारखा आहे, जेवढी बटणं तेवढीच काजं लागतात. दुप्पट काजं केली तर निम्मी रिकामी राहणार आणि ते रिकामं द्रव तसंच आत लोंबकळत राहणार, म्हणून नख रुततंय. तुमच्या जोडीला १०० ग्रॅम रेझिनला १० ते १२ ग्रॅम हार्डनर लागतो, वजनाने. डोळ्याने नाही, चमच्याने नाही, किचनचा छोटा डिजिटल काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

मऊ झालेली लांबी पटाशीने काढा, उरलेला चिकटा थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा (थिनरचं काम हे, पुसायचं), तासभर हवा लागू द्या, जागा खरबरीत करा आणि परत भरा. हातमोजे घालाच. कच्चा हार्डनर कातडीला लागत राहिला की एक दिवस अंगाला खाज सुटते आणि ती अ‍ॅलर्जी मग जन्मभर सुटत नाही, माझ्या बरोबरचा एक चांगला कारागीर याच्यामुळे हे काम सोडून बसला. आणि हाताला लागलं तर थिनरने धुऊ नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या कापडाने पुसा, मग साबण आणि कोमट पाणी.

प्रश्न: दादा, आमच्या जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा आहे, त्याच्या फळीला उभी भेग गेलीय आणि गाठीजवळ लाकूड उडालंय. अराल्डाइटमध्ये भुसा कालवून भरायचं ठरवलं पण थंडीच्या दिवसांत सकाळी रेझिन गुळाच्या पाकासारखं येतं, भुसा घातला की हलवताच येत नाही. थोडं स्पिरिट घातलं तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सागवान हा शब्द वाचला आणि पत्र आधी उत्तराला घेतलं. असं लाकूड आता मिळत नाही, घाई करू नका.

स्पिरिट नको, ऊब द्या. इपॉक्सी थंडीत घट्ट आणि उबेला पातळ, फरक इतका मोठा की दुसरं काही घालावंच लागत नाही. रेझिनचं झाकण घट्ट लावून ते ४०-४५ अंशाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, म्हणजे आंघोळीला जरा कडक वाटेल असं पाणी. गॅसवर ठेवायचं नाही. बाहेरचं पाणी पुसूनच झाकण उघडा. रेझिन पांढरं, दाणेदार, जुन्या मधासारखं दिसत असेल तर घाबरू नका, ते खराब झालेलं नाही, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उबेत ठेवलं की परत पहिल्यासारखं होतं. उबेचा एक तोटा, तापमान दहा अंशाने वाढलं की हाताळायचा वेळ जवळपास निम्मा होतो, म्हणून लिंबाएवढंच कालवा. काम सकाळी नको, दुपारी करा आणि दरवाजा आधी उन्हात तापवून सावलीत घ्या. गार लाकडावर गरम लांबी लगेच घट्ट होते.

नेहमीच्या अराल्डाइटचं माप वजनाने १०० ला ८० आहे, आणि घनफळाने जवळपास सारखं. पॅकवर लिहिलेलं असतं, एकदा वाचा, कारण लोक वजनाने सारखं घेतात.

भुसा रंध्याचा नको, त्याच दरवाज्याच्या आतल्या कडेला पेपर मारून जी पूड पडते ती फडक्यातून चाळून घ्या. मिसळल्यावर रंग लाकडापेक्षा गडद येतो, तो येणारच, आधी एका तुकड्यावर करून बघा. सागात तेल असतं म्हणून लांबी भरायच्या आधी भेगेत अ‍ॅसिटोनने ओला बोळा फिरवा, उडू द्या, लगेच नुसत्या रेझिनचा हात द्या आणि लांबी भरा. वरून शेवटचा हात फिरवताना पत्र्याला नुसता स्पिरिटचा ओला बोळा पुसून घेतला तर चालतो, लांबी चिकटत नाही. पत्रा फक्त ओलसर असावा, थेंब पडता कामा नये.

आणि भेग ५-६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर लांबीने भरूच नका. दरवाजा पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, एवढी रुंद लांबी एका बाजूने सुटेल. सागाची बारीक पट्टी पाचरीसारखी तासून बसवा, उरलेल्या फटीपुरती लांबी.

प्रश्न: गाडीच्या दरवाज्याला पोचा आलाय, कार पुट्टी घट्ट आहे, तिलाही तुमचं हेच लागू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: थिनर घालायचा नाही हे लागू, बाकीचं नाही. कार पुट्टी बहुतेक पॉलिस्टरची असते, तिच्यात इपॉक्सी रेझिन घालू नका, दोन्ही बिघडतील. डबा उघडल्यावर वर पातळ द्रव आलेलं असेल तर ते ओतून देऊ नका, तळापासून ढवळून एकजीव करा, बऱ्याचदा घट्टपणाचं कारण तेच असतं. तरी घट्ट वाटली तर थोडं पॉलिस्टर रेझिन घाला. क्रीमचं, म्हणजे तिच्या हार्डनरचं, प्रमाण डब्यावर लिहिलेलं, साधारण २ टक्के, तेवढंच. पत्र्याचा रंग पोच्याच्या जागी खरवडून धातू उघडा करा आणि मगच भरा.

प्रश्न: एम-सीलने बेसिनखालची पाईपची जागा बुजवली पण वरून सगळी बोटांच्या ठशांची खडबडीत राहिलीय. पाणी घालून मळलं तर मऊ होईल का हो? (एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर: ताई, मळताना पाणी नको, आतमध्ये पाणी राहिलं की दोन्ही वड्या एकमेकांना नीट धरत नाहीत. दोन्ही रंग पूर्ण जाऊन एकच रंग येईपर्यंत मळा, मोजे घालून, हाताच्या उबेनेच ते मऊ होतं. पाईप कोरडा आणि पॉलिश पेपरने खरबरीत केलेला हवा. चिकटवून झालं की मग बोट पाण्यात बुडवून वरून फिरवा, कुंभार मडक्यावर ओला हात फिरवतो तसं, ठसे जातात. जे आधीच वाळलंय त्यावर आता पाणी लावून उपयोग नाही, कानस फिरवून उंचवटे काढा, धूळ पुसा आणि वरून नव्या एम-सीलचा पातळ थर द्या, आणि त्या रात्री नळ बंदच ठेवा.